काळ्या छतावरचा ठसा

मी गाड्या बनवतो असं सांगितलं की लोकांना आधी आदर वाटतो आणि मग गाडीचा आकार कळला की हसू येतं. वीतभर लांबीची गाडी. प्लॅस्टिकचे सुटे भाग खोक्यातून येतात, ते तासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. कुणी याला खेळणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. माझ्या सख्ख्या मेहुण्याशी मी या एका शब्दावरून अख्खी दिवाळी बोललो नव्हतो. बायकोने मध्ये पडून समेट घडवून आणला, पण तो घरी येणार असला की मी अजूनही शोकेसला कुलूप लावतो.

खोक्यावरच्या चित्राबरहुकूम गाडी बनवणाऱ्यांना आम्ही मोजत नसू. आम्ही म्हणजे मी आणि माझा एक मित्र. मी ठाण्यात वर्तकनगरला, तो डोंबिवलीला. एका शाळेच्या हॉलमध्ये छोटंसं प्रदर्शन भरलं होतं, तिथे माझ्या रेसच्या गाडीसमोर उभा राहून हा माणूस मोठ्याने म्हणाला, "रंग झक्कास आहे, पण बनवणाऱ्याला कापाकापीचं काही कळत नाही." बनवणारा त्याच्या मागेच उभा होता. तिथून आमची मैत्री सुरू झाली.

आम्हाला वेड हॉट रॉडचं. म्हणजे शंभरेक वर्षं जुन्या अमेरिकन गाडीचा सांगाडा घ्यायचा, तिचं छत कापून बोटभर खाली बसवायचं, बॉनेट फेकून द्यायचं आणि पुढे भलंमोठं इंजिन उघडं ठेवायचं. खरी हॉट रॉड आम्ही दोघांनीही जन्मात पाहिली नव्हती. घोडबंदर रोडवर ती आली असती तर पहिल्याच स्पीडब्रेकरवर पोट टेकून बसली असती. पण छोट्या गाडीला खड्डे नसतात. आमच्या गाड्यांचं स्टिअरिंग खोक्यातून डावीकडे यायचं, ते मित्र न चुकता कापून उजवीकडे लावायचा. म्हणायचा, "आपल्याला इथे चालवायचीये."

कामाची वाटणी ठरलेली होती. कापणं, जोडणं, पुट्टी भरणं त्याचं. रंग माझा. तो एका कारखान्यात मेंटेनन्सला होता, त्याची बोटं जाडजूड, केळ्याच्या फणीसारखी. त्या बोटांनी तो मोहरीएवढा स्क्रू चिमट्यात धरून बसवायचा तेव्हा मी श्वास रोखून बघायचो. रंगाला मात्र त्याने कधी हात लावला नाही. धीरच नव्हता त्याच्यात. अपवाद फक्त एका गाडीचा. ती त्याने मला न सांगता, न दाखवता, स्वतःच काळी रंगवली, खव्याच्या पारदर्शक डब्याखाली झाकून ठेवली आणि त्याच आठवड्यात तो नाहीसा झाला.

नाहीसा झाला हे शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण दुसरे कुठलेच लागू पडत नाहीत. एका रविवारी सकाळी वहिनींना तासाभरात येतो म्हणून तो स्कूटर घेऊन गेला. संध्याकाळी स्कूटर शीळफाट्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला मिळाली. नीट स्टँडवर लावलेली, हँडल लॉक केलेलं, हेल्मेट आरशाला अडकवलेलं. पडल्याची खूण नाही, झटापटीची नाही. घरात भांडण नव्हतं, आजार नव्हता. पोलिसांनी फोनवरचे सगळे नंबर तपासले, त्यात कारखान्यातले लोक, नातेवाईक आणि मी, याच्यापलीकडे कुणी निघालं नाही. मला दोनदा बोलावून विचारलं. मी काय सांगणार? शेवटचं आमचं बोलणं टायरवरून झालेलं. मागचे टायर जरा जाड हवेत, असं तो म्हणत होता.

तेव्हापासून मी महिन्यातून एकदा तरी डोंबिवलीला वहिनींकडे जायचो. त्या घरात एकट्याच होत्या, मूलबाळ नव्हतं. सकाळ-संध्याकाळ मुलांच्या शिकवण्या घेत. दुपारी घर मोकळं असायचं, तेव्हा मी जायचो. चहा व्हायचा, पोलिसांकडून काही कळलं का असं मी विचारायचो, त्या नाही म्हणायच्या. मग आम्ही दोघंही त्याच्या खोलीच्या बंद दाराकडे बघत बसायचो.

पहिल्याच वर्षातली गोष्ट. वहिनी स्वयंपाकघरात चहा गाळत होत्या, मी बाहेर खुर्चीवर. तेवढ्यात त्या बंद खोलीतून घर्रर्र आवाज आला. हवा दाबून भरणारा कॉम्प्रेसर, पुट्टीची धूळ उडवायला मित्र वापरायचा तो. तो आवाज मी झोपेतही ओळखेन. मला वाटलं, आला. आला आणि सरळ कामालाच बसला, गाढव. मी उठून उभा राहिलो, आणि आवाज बंद झाला.

वहिनींनी मान वर केली नव्हती. "दुपारी एकदा लागतो," त्या म्हणाल्या. "ह्यांची वेळ."

मी दार उघडून आत गेलो. खोलीत कुणी नव्हतं. टेबल, त्यावर कापडावर मांडलेली हत्यारं, भिंतीवर गाड्यांची फळी. सगळ्या गाड्यांची तोंडं दाराकडे केलेली होती. पूर्वी तशी नसायची. कॉम्प्रेसरचं बटण चालू होतं. मित्र ते चालू ठेवूनच गेला होता आणि वहिनींनी ते बंद केलं नव्हतं. मी खाली वाकून कान लावला तेव्हा नळीच्या जोडातून बारीक सूं सूं ऐकू आली. झालं काय होतं ते लगेच कळलं. टाकीतली हवा हळूहळू गळायची, दाब कमी झाला की मशीन आपोआप सुरू व्हायचं, टाकी भरली की बंद पडायचं. यात भुताचं काही नव्हतं. पाच मिनिटांचं काम. नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप त्याच्याच खणात होती. मी जोड खोलला, टेप गुंडाळली, घट्ट बसवला. बाहेर येऊन मोठ्या फुशारकीने सांगितलं, "वहिनी, गळती होती. आता नाही लागणार."

पुढच्या महिन्यात गेलो तेव्हा वहिनींनी चहा ठेवला नाही. दार उघडून बाजूला झाल्या, मी बसल्यावर समोर येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊजी, तुम्ही ते काय केलंत?" त्या म्हणाल्या. "रोज दुपारी घरात कुणीतरी असायचं. आता नाहीये."

मी म्हणालो, "वहिनी, ती हवा होती हो."

"मला काय माहीत नाही का? मी काय वेडी आहे?" त्या म्हणाल्या. "मला माहीत होतं मशीन आहे ते. पण आवाज ह्यांचा होता ना."

परत येताना मी स्वतःवर चिडलो, मग त्यांच्यावर चिडलो, मग त्या मित्रावर. जायचंच होतं तर बटण बंद करून जायचं होतं. वाटलं, पुन्हा जाऊन जोड सैल करावा. पण असलं काम मला जमत नाही. माझी नोकरीच मुळी तपासणीची. कंपनीत बाहेर जाणारा प्रत्येक भाग मी मोजतो, केसभर चुकला तरी परत पाठवतो. गळती दिसली आणि सोडून दिली, हे माझ्या हातून व्हायचं नाही.

असं तिसरं वर्ष लागलं. एका शनिवारी मित्राचे मोठे भाऊ, दादा, माझ्या घरी आले. ते विठ्ठलवाडीला राहतात, साधा, भिडस्त माणूस. पाणी प्यायले, शोकेसमधल्या गाड्या बघितल्या, त्यातली एक त्यांच्या भावाने कापलेली आहे हे ओळखून तिच्यावरून नजर काढून घेतली.

"आई गावाला आहे," ते म्हणाले. "रोज सकाळी उठून तेच सांगते. म्हणते, हा पडवीत येऊन उभा राहतो, पाणी दे म्हणतो. ती तांब्या पुढे करते तर ह्याचा हात पुढे येत नाही. नुसता उभा. आता तिने स्वतःच पाणी प्यायचं कमी केलंय. म्हणते, त्याला मिळत नाही तर मला कशाला."

माझ्या अंगावर काटा आला होता आणि तो त्यांना दिसू नये म्हणून मी हाताची घडी घातली.

"गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, बारा वर्षं थांबायचं असतं असंही सांगतात, पण आईची अवस्था बघता त्याचे अंत्यविधी करून टाका. माणूस मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करतात. हात, पाय, डोकं, सगळं असतं त्याला. ठरलेल्या काड्या असतात, डोक्याला इतक्या, छातीला इतक्या. त्यालाच तो माणूस समजायचं आणि अग्नी द्यायचा. मग पुढचं सगळं रीतसर."

"स्केल काय?" मी विचारलं.

तोंडून निघून गेलं. कुणीही दुसऱ्या माणसाने हा प्रश्न विचारला नसता. दादा गोंधळले. "म्हणजे?"

"म्हणजे... केवढा असतो?"

त्यांनी कोपरापासून बोटांपर्यंत हात दाखवला. आणि माझ्या डोक्याने, मी नको म्हणत असताना, मित्राच्या उंचीला त्या हाताने भागलं. उत्तर आलं तेव्हा मला माझी इतकी किळस आली की मी उठून खिडकीपाशी गेलो. आमचंच काम होतं हे. समोर नाही ती वस्तू मापाने लहान करून उभी करायची आणि हीच ती असं म्हणायचं. फरक एवढाच की आम्ही गाडीत कधी माणूस बसवला नाही. खोक्यात ड्रायव्हरचा बाहुला आला तर मित्र तो आधी काढून टाकायचा. म्हणायचा, ह्याला बसवला की गाडी ह्याची होते.

"आता बघा, आम्ही काय त्याला मारायला निघालोय का?" दादा म्हणत होते. "आणि त्याच्या बायकोला मंगळसूत्र काढ, कुंकू पूस, असलं कुणी सांगत नाहीये. राहू दे ना तिचं तिला. पण तिची सही नको, पैसा नको, नुसतं हो म्हणायला पाहिजे की नको? मागच्या महिन्यात ती तयार झालेली. तारीख काढणार होतो. आणि परवा फोन करून म्हणते, नाही करायचं. हे येऊन गेले. खूण ठेवून गेलेत."

"कसली खूण?"

"गाडीवर म्हणे. बोटाचा ठसा. ती काळी गाडी आहे ना झाकलेली, तिच्यावर. रोज पुसते ती डबा, रोज बघते. नव्हता म्हणे, आणि आता आहे." दादांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला ह्यातलं कळतं. तुम्ही सांगाल ते ती ऐकेल. तुम्ही एकदा बघा, आणि असेल ते सांगा. असेल ते."

ठसा कसा आला असेल हे मला त्यांचं वाक्य संपायच्या आतच कळलं होतं. रविवारी दुपारी मी डोंबिवलीला गेलो ते पुन्हा एक गळती बंद करायला, आणि या वेळी मला ते पुरतं माहीत होतं. मी गप्प बसलो तर गावाला एक म्हातारी पाणी प्यायचं सोडत होती. बोललो तर एका बाईच्या हातातलं उरलंसुरलं जात होतं. दोन्हीकडून दोषी मीच.

वहिनींनी मला सरळ खोलीत नेलं. खिडकी उघडून दिली. डबा उचलून बाजूला ठेवला आणि मागे सरकल्या.

गाडी सुरेख होती. हे आधी सांगायला हवं. धीर नसलेल्या माणसाने एवढा खोल काळा रंग कसा दिला देव जाणे. खिडकीची चौकट, पलीकडच्या बिल्डिंगच्या ग्रिल, वाळत घातलेले कपडे, सगळं त्या छतात वाकडं होऊन दिसत होतं. काळा रंग काही झाकत नाही, म्हणून मी तो टाळतो. आणि छतावर, पुढच्या काचेच्या वर डाव्या कोपऱ्यात, ठसा होता.

वरून उमटलेला नव्हता तो. रंगाला कुठे ओरखडा नव्हता, चमक मोडलेली नव्हती. रंगाच्या आतून, खालून, कुणीतरी बोट टेकवावं तशा रेषा वर आल्या होत्या. गोल गोल, मधे भोवरा. मी मान तिरकी केली की दिसायच्या, सरळ केली की बुडायच्या. मला कारण माहीत होतं, तरीही मी स्वतःचं बोट जवळ नेलं आणि टेकवायच्या आधी मागे घेतलं.

"बोला," वहिनी म्हणाल्या.

मी सांगितलं. आमचा गोंद खरं तर चिकटवत नाही, प्लॅस्टिक वितळवतो. छत कापून पुन्हा जोडताना गोंद फटीतून वर येतो, त्यावर बोट पडलं की बोटाचा ठसा प्लॅस्टिकमध्येच बसतो. वरून पुट्टी भरली, रंग दिला, की दिसेनासा होतो. पण रंग वाळतो म्हणजे एका दिवसात वाळत नाही. महिनोन्‌महिने तो आत आत बसत राहतो, आणि खाली जे असेल ते हळूहळू वर दिसायला लागतं. माझ्याही दोन गाड्यांवर असं झालंय.

"म्हणजे जुना आहे," त्या म्हणाल्या.

"जुना आहे."

"म्हणजे हे आले नव्हते."

यावर नाही म्हणायचं एवढंच काम उरलं होतं. मी तोंड उघडलं, आणि तेव्हाच मला त्या ठशात काहीतरी खटकलं. सवय वाईट. लोकांच्या खिशात कंगवा असतो तसा माझ्या खिशात व्हर्नियर असतो. मी तो काढला, ठशावर अधांतरी धरला, माप घेतलं. मग टेबलाची कड बघितली. पुट्टीचं बोट टेबलाच्या कडेला पुसायची मित्राला घाणेरडी सवय होती, त्यावरून मी त्याला शिव्या घातल्या होत्या. तिथे पांढऱ्या पुट्टीत त्याचे ठसे वाळून दगड झालेले, एकावर एक. त्यातला एक स्वच्छ होता. त्याचं माप घेतलं. मग पुन्हा छतावरचं. पुन्हा टेबलाचं.

छतावरचं बोट जवळजवळ निम्म्याने अरुंद होतं.

आजवर मी हजारो भाग मोजलेत. माप चुकलं की राग येतो, भीती वाटत नाही. त्या दुपारी वाटली. या खोलीत माझ्या मित्राशिवाय कुणी काम केलेलं नव्हतं. ही गाडी तर त्याने मलाही दाखवली नव्हती. बाहेर बिल्डिंगमधली मुलं क्रिकेट खेळत होती, कुणीतरी आऊट नाही म्हणून भांडत होतं, आणि आत फळीवरच्या सगळ्या गाड्या तोंडं वळवून आमच्याकडे बघत होत्या.

"वहिनी," मी म्हणालो, "हा त्याचा नाही."

त्यांचा चेहरा उतरला नाही. त्या घाबरल्या. आधी माझ्याकडे, मग दाराकडे पाहिलं त्यांनी, आणि आवाज अगदी खाली नेऊन विचारलं, "मग इथे कोण येतं?"

त्यांनी आधारासाठी टेबलाच्या कडेवर हात ठेवला. त्या पुट्टीच्या ठशांच्या शेजारी. मला फक्त मापं दिसतात, दुसरं काही दिसत नाही, असं माझी बायको म्हणते. मला त्यांच्या बोटांचं माप दिसलं.

"वहिनी, तुमचं बोट इथे ठेवा."

"नको."

"एकदा ठेवा."

"नको, भाऊजी. मला भीती वाटते."

"मलाही वाटतेय," मी म्हणालो. "म्हणून सांगतोय. ठेवा."

त्यांनी उजव्या हाताची तर्जनी पुढे केली. मी गाडी दोन्ही हातांनी धरली. बोट छतावर टेकलं आणि ठसा त्याच्याखाली पूर्ण गेला. वर नाही, खाली नाही, बाजूला नाही. बोट जरासं तिरकं, ठसाही तसाच तिरका. वहिनींनी त्या बोटाकडे बघितलं. मग त्यांच्या तोंडून एक बारीक आवाज आला.

"हो," त्या म्हणाल्या. "हो. मला बोलावलेलं."

त्यांनी बोट काढलं नाही. तसंच ठेवून बोलत राहिल्या, माझ्याशी की गाडीशी ते कळत नव्हतं. "कधी हात लावू द्यायचे नाहीत. त्या आठवड्यात एकदा आतून हाक मारली. जरा ये गं, एक बोट दे. छत बसत नव्हतं म्हणे, एका बाजूने उचलत होतं. माझं बोट धरून इथे ठेवलं. म्हणाले, मी झालं म्हणेपर्यंत हलवू नकोस. मी म्हटलं, गॅसवर भाजी आहे. म्हणाले, दोन मिनिटं गं. आणि त्यांचा फोन वाजला, कारखान्यातला, पाळी बदलायचा. ते गॅलरीत गेले बोलायला. मी इथे बसलेले. अशी. बोलणं संपलं तरी आत येईनात. मला दिसत होते, पाठमोरे, कठड्याला धरून नुसते उभे होते. मी हाक मारली. त्यांनी वळून बघितलं नाही. मग भाजी लागल्याचा वास आला आणि मी उठले."

गाडी माझ्या हातात होती, म्हणून मी मान खाली घालून छताकडे पाहिलं. डाव्या बाजूला ते केसभर उचललेलं होतं. एरवी मी ते आल्याआल्या पकडलं असतं.

"नंतर काही बोलले नाहीत," वहिनी म्हणाल्या. "आत आले, छत दाबून धरायला गाडीला रबरबँड लावलं, जेवले. लागलेली भाजी खाल्ली निमूट. मी विसरूनच गेले हो. सगळं आठवून आठवून पोलिसांना सांगितलं, हे एवढं विसरले." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे कोरडे होते, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "ते झालं म्हणाले नाहीत, भाऊजी. मीच उठले. अजून म्हणाले नाहीत."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो. भाजीचा आणि त्याच्या जाण्याचा काही संबंध नाही, असं. त्यांनी मान हलवून मला थांबवलं.

"तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला ह्यातलं कळतं. तुम्ही सांगितलं तर मी हलवीन."

त्या बोट ठेवून उभ्या होत्या आणि मी गाडी धरून. मला माझा मित्र आठवत होता. मला तो परत यायला हवा होता. वर्तकनगरच्या माझ्या दारात, हातात खोकं घेऊन, आल्या आल्या माझ्या रंगाला नावं ठेवत. मी शहाण्यासारखा लोकांच्या गळत्या बंद करत फिरत होतो आणि स्वतः रोज त्याच्या फोनची वाट बघत होतो, हे मला त्या खोलीत उभं राहून कळलं. वहिनींना जे सांगायचं होतं ते मला स्वतःलाही कुणी अजून सांगितलेलं नव्हतं. पण त्या वाट बघत होत्या, बोट तसंच ठेवून.

"झालं, वहिनी," मी म्हणालो. "पक्कं बसलंय. झालं आता."

त्यांनी बोट उचललं. ते दुसऱ्या हाताने धरलं, मग पदराने डोळे पुसले, खरं तर पुसण्यासारखं काही नसताना.

"दादांना फोन लावून द्या," त्या म्हणाल्या. "म्हणावं, आईंना पाणी प्यायला सांगा."